एएच्या पहिल्या मीटिंगला जाताना

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए: दारू सोडू पाहणारे लोक एकत्र बसून एकमेकांना आधार देतात. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव कोणी विचारत नाही. अट एकच, दारू सोडायची इच्छा. मुंबई-पुण्यात बऱ्याच मीटिंगा संध्याकाळी, शाळेच्या वर्गात नाहीतर चर्चच्या खोलीत भरतात. पत्ता मिळाला तरी निघण्याआधी फोन करा. जागा बदलते, यादी जुनीच राहते, आणि कुलूप पाहून परत फिरलेला माणूस थेट गुत्त्यावर जातो.

फोनवर दोन गोष्टी विचारा: मीटिंग मराठीत आहे का, आणि ओपन की क्लोज्ड? ओपनला बायको, भाऊ कोणीही चालतं. क्लोज्ड फक्त पिणाऱ्यांसाठी. घरच्यांसाठी अल्-अनॉन नावाचे वेगळे ग्रुप असतात.

दहा मिनिटं आधी पोहोचा. मीटिंग साधारण तास-दीड तास चालते. बोलायची पाळी आली तर "आज फक्त ऐकतो" एवढं पुरे. शेवटी वर्गणीची पिशवी फिरते, नवख्याने काही टाकलं नाही तरी चालतं. खरं काम नंतर, चहाच्या कपाबरोबर होतं. तिथे दोघा-तिघांचे नंबर घ्या. बरेच जण नेमके तेव्हाच सटकतात. एका मीटिंगवर मत बनवू नका, पाच-सहा वेगवेगळे ग्रुप बघा.

रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र मीटिंगच्या भरवशावर एकदम दारू तोडू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊ शकतो. आधी डॉक्टर. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारी हेल्पलाइन १४४४६.