मागं बघ की!

जेवणं झाली होती, ताटं अजून उचलायची होती आणि पुतण्यानं फोन माझ्या नाकासमोर धरला. "आत्या, बघ. तुझी माणसं."

ब्रसेल्सचं एक थेटर. पडद्यावर कुणीतरी दार उघडं टाकून आत गेला आणि अख्खं थेटर त्याच्यावर ओरडलं, "दार! दार!" चंद्र दिसला तर सगळ्यांनी लांडग्यासारखी हाळी दिली. चांगली शिकलेली, चष्मेवाली माणसं. भुताखेतांच्या आणि अचाट कल्पनांच्या सिनेमांचा हा महोत्सव १९८३ पासून भरतो म्हणे, आणि शेवटी रक्तपिपासूंचा नाच असतो. सुळे लावून, झगे घालून जायचं. कॅनडात माँट्रियलला असाच एक महोत्सव आहे, तिथं सिनेमा सुरू होताना लोक मांजरासारखं म्याव करतात. का, तर करतात. हे कारण मला पटलं.

'तुझी माणसं' का, ते घरात सगळ्यांना माहीत आहे. मी सिनेमात बोलते. 'तुंबाड' २०२४ मध्ये परत लागला तेव्हा हाच मला घेऊन गेला होता. जाताना रिक्षात ऐकवलं, २०१८ साली व्हेनिसच्या सिनेमा महोत्सवातल्या क्रिटिक्स वीकची सुरुवात या सिनेमानं झाली, असा मान मिळालेला हा पहिला भारतीय सिनेमा, तेव्हा आत्या, तिथं जरा नीट बस. बसले. पण त्यातल्या शापित म्हातारीच्या खोलीकडे पोरगं निघालं तेव्हा तोंडातून "अरे नको ना बाळा" निघून गेलं. पुढच्या रांगेतून श्श्श आलं. हातात हे एवढं मोठं पॉपकॉर्नचं टोपलं, कुरुमकुरुम चालूच, आणि श्श्श मला!

मला सवय लागली ती खरसुंडीला. पौषातली सिद्धनाथाची यात्रा, खिलार जनावरांचा बाजार, आणि बाजाराच्या कडेला तंबूतला सिनेमा. मध्ये दोर बांधलेला, अलीकडं बाया, पलीकडं बापय. खाली गारढोण माती, म्हणून घरून पोतं न्यायचं. पैसे नसलेली पोरं पडद्याच्या मागच्या बाजूला बसायची, त्यांना सगळे नट डावखुरे दिसायचे. मशीनच्या उजेडाच्या पट्ट्यात विड्यांचा धूर आणि फुफाटा असा काही फिरायचा की कधीकधी मी मान वळवून तेच बघत बसायची.

त्या रात्री भुताचं पिक्चर होतं. शेजारी एक अनोळखी बाई, इरकली लुगडं, मांडीवर झोपलेलं पोर. पांढऱ्या साडीतली ती दिवा घेऊन निघाली, हिरो तिच्या मागं, आणि ही बाई ताडकन सरळ झाली. "आरं मुडद्या, कुठं निघालास? पाय बघ की तिचं! मागं फीर!" हिरो ऐकेना. मग तिनं एका हातानं पोराच्या तोंडावर पदर टाकला आणि उरलेला माझ्यावर. ओळख ना पाळख. पदराला भाकरीचा आणि गोठ्याचा वास. आयुष्यातलं पहिलं भूत मी इरकलीच्या विणीतून पाहिलं, त्यामुळं ते हिरवं होतं आणि त्याला बारीक चौकडी होती. वरून तिचं चालूच. "आली... आली... थांब, अजून बघू नको... गेली. हां, आता बघ." पदर निघाला तोवर पडद्यावर गाणं लागलेलं.

तेव्हापासून भुताच्या सिनेमाला शेजारी कुणी सांगणारं लागतं. नाही तर आधीच विचारून घेते, तो मरतो का? मरत असेल तर निवांत बघते.

पुतण्याला या सगळ्यात रस नव्हता, त्याला पुढचं दाखवायचं होतं. बार्सिलोनाजवळ समुद्रकाठी सिजेस नावाचं गाव, तिथला महोत्सव १९६८ पासूनचा. किंग काँग हे त्यांचं बोधचिन्ह, जागोजागी तोच. फाटके कपडे नि रक्ताचे ओघळ रंगवून माणसं मढ्यांसारखी रस्त्यातून लंगडत जातात आणि गावकरी कडेला उभे राहून बघतात. एक बक्षीस मेलिएस नावाच्या जुन्या फ्रेंच सिनेमावाल्याच्या नावाचं. हा मूळचा जादूगार, १९०२ साली त्यानं सिनेमात चंद्राच्या डोळ्यात यान घुसवलं होतं. मला माणूस आवडला.

"आपल्याकडं असलं काही नाही," पुतण्या म्हणाला. सांगलीत बसून म्हणाला! मग मात्र मी ताटं उचलायची सोडली. अरे, १८४३ साली याच गावात विष्णुदास भाव्यांनी इथले राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्यापुढं 'सीतास्वयंवर' हे नाटक केलं. पाच नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन म्हणून हार घालतो तो त्याचाच. त्या तऱ्हेच्या नाटकांत देव सोवळे, रागदारीत बोलणारे. खरी मजा राक्षसांची. तोंड रंगवलेलं, हातात तलवार, मशालीवर राळ फेकून भडका उडवायचा आणि त्या भडक्यातून "अललल डुर्रर्र" करत यायचं. ते बघताना प्रेक्षक तोंडावर बोट ठेवून बसले असतील, हे मला कुणी सांगू नये. पुढं आपलं नाटक सुधारलं, राक्षस गेले, आणि प्रेक्षागृहात 'शांतता राखा'ची पाटी आली.

"म्हणजे तू घाबरत नाहीसच," तो म्हणाला. "ओरडलं की झालं."

तसं नाही रे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा हा आत्तापेक्षा लहान होता, त्याला मामाकडं धाडलं होतं. आम्ही गावभागातच. पंचेचाळीस फुटाला धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. आयर्विन पुलाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. फोन लागला की नमस्कार-चमत्कार नाही, पहिला प्रश्न "किती फूट?" कुणीतरी आकडा सांगायचं आणि आम्ही आणखी एक ट्रंक माळ्यावर चढवायचो. माझ्या तोंडून त्या आठवड्यात एकदाही "अगं बाई" निघालं नाही. आजूबाजूलाही कुणी ओरडल्याचं आठवत नाही.