टांग न मारता: लंडनच्या भाड्याच्या सायकलवर आई-बाबा

दोन-तीन महिन्यांसाठी लंडनला आलेल्या आई-बाबांना सँटँडर सायकलवर, म्हणजे रस्त्याकडेच्या स्टँडवरून भाड्याने घेऊन परत स्टँडलाच लावायच्या सायकलवर, बसवायचं असेल, तर व्यायामावरचं भाषण आधी गुंडाळून ठेवा. वर्षानुवर्षं सायकलने कामावर गेलेल्या माणसाला ती चालवायला शिकवायची नसते. अडतं ते चढताना, उतरताना आणि सायकल परत लावताना.

डाव्या पेडलवर पाय, दोन-तीन रेटे आणि मागून टांग, ही आपली चोवीस इंचीवरची सवय. इथे ती मोडायची. ही सायकल सुमारे 23 किलोची आहे; एका पेडलवर उभं राहिलं की कलते, आणि साठीनंतर तो झोक सावरणं कठीण. मधली दांडी इतकी खाली घेतलीय की पाय पुढूनच पलीकडे टाकता येतो. आधी दोन्ही पाय जमिनीवर, ब्रेक दाबलेले. उजवं पेडल वर आणायचं, ब्रेक सोडत त्यावर जोर द्यायचा आणि मगच सीटवर टेकायचं. थांबताना सीटवरून पुढे सरकून डावा पाय खाली. गिअर तीनच, उजव्या मुठीत. निघताना 1 वर.

पाय टेकावेत म्हणून सीट अगदी खाली घेतात. पहिली दहा मिनिटं चालेल. पुढेही तशीच ठेवली तर गुडघा जास्त दुमडतो, वाटी दुखते आणि दोष वयाला जातो. पेडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. सीटच्या नळीवर आकडे आहेत, आपला लक्षात ठेवायचा.

हॅरो, वेम्बली अशा लंडनच्या उपनगरांत ही स्टँडं नाहीत. ट्यूबने (भुयारी रेल्वेने) हाइड पार्कला जा, रविवारी सकाळी; तिथेही सायकलची खूण असलेल्याच वाटांवर चालवता येते. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. रस्त्यावर उतरलात, तर सिग्नलला उभ्या लॉरीच्या डाव्या बाजूने पुढे घुसायचं नाही. वळणाऱ्या चालकाला तिथला सायकलवाला दिसत नाही.

सँटँडर सायकलच्या ॲपवर 1, 2, 3 या आकड्यांचा पाच अंकी कोड येतो. तो सायकल अडकवलेल्या खांबावर दाबून हिरवा दिवा लागला की सीट किंचित उचलून सायकल मागे ओढायची. पाठ दुखत असेल तर हे काम मुलांनी करावं. त्याआधी टायर आणि ब्रेक दाबून बघा. परत लावताना मात्र हलक्या हाताने चालत नाही. पुढचं चाक खांबात नीट रेटून हिरवा दिवा लागेपर्यंत थांबा, मग एकदा मागे ओढून पाहा. दिवा लागला नसताना निघालात तर भाडं चालूच राहतं. एका फेरीच्या भाड्यात 30 मिनिटं मिळतात. स्टँड भरलेलं असेल तर घाबरून फूटपाथवर सोडू नका. तिथल्या यंत्रावर जागा नसल्याचा पर्याय दाबला की पुढच्या स्टँडपर्यंत जायला 15 मिनिटं जास्त मिळतात.