पाऊस गुडघ्यातून येतो

रेन पँट आपण कोरड्या जागी उभं राहून, कोरड्या पायांनी विकत घेतो. घोटाळा तिथेच सुरू होतो. हातावर तोलून बघायची, "काय हलकी आहे!" म्हणायचं आणि घडी घालून मुठीत मावली की खूश व्हायचं. माझी पहिली पँट अशीच घेतलेली, जेमतेम 200 ग्रॅमची. शिकारीसाठी रस्त्यापासून दोन दिवसांच्या चालीवर, अख्खा संसार पाठीवर घेऊन जायचं म्हटलं की माणूस ग्रॅमाग्रॅमाला चिकट होतो. टूथब्रशचा दांडा अर्धा कापणारे लोक मी पाहिलेत. (त्याच लोकांच्या सॅकमध्ये पत्त्यांचे दोन कॅट असतात, ते सोडा.)

मी शिकारी नाही. परवाना, बंदूक, नेम हे सगळं मित्राचं. मी त्याचा हौशी हमाल. पण पँट दोघांनाही तितकीच लागते, किंबहुना हमालाला जास्त, कारण ओझं घेऊन उतरताना घसरून बसायची पाळी त्याच्यावर येते.

पहिल्याच सकाळी कळलं की पाऊस थांबला म्हणून जंगल थांबत नाही. रात्रभर पडून आभाळ मोकळं झालं होतं, पण कमरेएवढी झुडपं ते सगळं पाणी पानापानावर धरून उभी होती. पाऊलवाट नाही, त्यामुळे प्रत्येक झुडूप मांड्या पुसूनच पुढे जाऊ देत होतं. तासाभरात एका वाळक्या फांदीने गुडघ्यापासून पोटरीपर्यंत पँट उभी फाडली. आवाज सुद्धा कागदाचा आला.

धाग्याची जाडी डेनिअरमध्ये मोजतात, हे मला ती फाटल्यावर कळलं. 9000 मीटर धाग्याचं जे वजन ग्रॅममध्ये भरेल, तेवढे डेनिअर. माझी पँट 20 डेनिअरची होती. म्हणजे 9 किलोमीटर लांब धागा आणि त्याचं वजन 20 ग्रॅम! असल्या धाग्याने काटेरी रानाशी दोन हात करावेत, ही अपेक्षा माझीच चुकीची. मित्राच्या पँटला गुडघ्यावर आणि बुडाशी 70 डेनिअरचं कापड होतं, बाकी सगळीकडे पातळ. कंजूषपणा कुठे करावा हे त्या शिवणाऱ्याला कळत होतं.

पण खरी गंमत न फाटलेल्या गुडघ्याची. मित्र दुर्बीण लावून समोरचा उतार विंचरत बसला, की मी शेजारी ओल्या मॉसवर एक गुडघा टेकून. थोड्या वेळाने आतून गार लागायला लागलं. शिवण शाबूत, कापड शाबूत, तरी गुडघा ओला. पँटवर तर 10,000 मिमी लिहिलेलं होतं! याचा अर्थ कापडावर 10 मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते थेंब आत सोडणार नाही. दाबाच्या भाषेत, दर चौरस सेंटिमीटरला 1 किलो. आभाळातून पडणारा पाऊस एवढा दाब कधीच देत नाही. मी देतो. माझं वजन 80 किलो; त्यातलं निम्मं एका गुडघ्यावर आणि गुडघ्याची टेकलेली जागा धरा 30 चौरस सेंटिमीटर. करा भागाकार.

कापड 'श्वास घेतं' की नाही, म्हणजे घामाची वाफ बाहेर सोडतं की नाही, यावर लोक हिरीरीने बोलतात. जाकिटाच्या बाबतीत त्यात तथ्य आहे; पँटच्या बाबतीत मी कमरेपासून घोट्यापर्यंत उघडणाऱ्या चेनवर जास्त विश्वास ठेवतो. चढावर ती उघडली की वारं आत खेळतं, आणि चिखलाचे बूट न काढता पँट चढवता येते. एका पायावर उड्या मारत, बूट पँटच्या नळीत अडकवून, भर पावसात कोलमडलेल्या माणसाला चेनचं वजन विचारू नये.

दुसरी पँट मी दुप्पट वजनाची घेतली. तिचा एक दोष मात्र कोणत्याही लेबलवर छापलेला नव्हता: ती बोलायची. मांडीला मांडी घासली की खस्, खस्. हरणाला आपल्यापेक्षा फार वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात, आणि असला आवाज जंगलाचा नसतो. लव असलेलं मऊ कापड गप्प असतं, पण ते पाणी पितं, जड होतं आणि लवकर वाळत नाही.

शेवटच्या संध्याकाळी भुरभुर चालू असताना खाली दोनशे पावलांवर हरीण चरताना दिसलं. मित्राने हात वर केला. मी एक पाऊल टाकलं. खस्. त्याने मागे वळून माझ्या तोंडाकडे नव्हे, पँटकडे पाहिलं. स्वतःची त्याने केव्हाच काढून सॅकखाली दाबली होती आणि आतल्या लोकरी पायजम्यावर खुशाल भिजत बसला होता. मी ओल्या गवतात टेकलो आणि चेन ओढायला लागलो, एकेक दात मोजत. मांडीपर्यंत ठीक. पोटरीपाशी तिने गवताची काडी चावली. मी बोट घालून ती काडी सोडवत होतो तेवढ्यात खाली हरणाने मान वर केली, आणि मी एक पाय पँटमध्ये, एक हवेत, तसाच थांबलो.