जबाबातलं एक वाक्य

ऑक्टोबर २०२४, नवरात्र चालू होतं. सकाळी पावणेसातला मी भांडुपहून विक्रोळीला कामावर निघालो होतो, नेहमीप्रमाणे लाल बहादूर शास्त्री (एलबीएस) मार्गाने, सायकलवर. मेट्रो-४ साठी पत्रे ठोकल्यापासून हा रस्ता जागोजागी आवळला गेलाय. डावी बाजू बस, रिक्षा आणि आम्ही सायकलवाले वाटून घेतो. पेट्रोल पंपाच्या जरा अलीकडे एक पांढरी गाडी उजवीकडून मला ओलांडून पुढे गेली आणि लगेच डावीकडे पंपात वळली. अगदी माझ्या तोंडासमोरून. ब्रेक दाबले, पण चाक तिच्या मागच्या दारावर आदळलं आणि मी उजव्या हातावर पडलो.

मला उठवलं ते मागून येणाऱ्या एका पाववाल्याने. त्याने स्वतःची सायकल पावाच्या थैल्यांसकट फुटपाथला टेकवली आणि माझी रस्त्यातून बाजूला घेतली. गाडीवाला उतरला, पाण्याची बाटलीही दिली, माणूस वाईट नव्हता. पण पहिलं वाक्य हे: "काका, सायकल मेन रोडवर आणायचीच नसते. तुम्हाला ना नंबर, ना इन्शुरन्स, ना टॅक्स."

पुढचे तीन दिवस हेच वाक्य मला वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळालं, म्हणून त्याबद्दल आधी लिहितो. मोटार वाहन कायद्यात सायकल 'मोटार वाहन' नाही, त्यामुळे तिला लायसन्स, नंबर, विमा लागत नाही. सवलत म्हणून नव्हे, तर तो कायदा इंजिनाच्या गाड्यांसाठी आहे म्हणून. रस्ता मात्र तिचाही आहे. बंदी असते तिथे तसा बोर्ड असतो. सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे, कोस्टल रोड इथे सायकल चालत नाही. मला वाटतं, हेच बोर्ड बघून लोकांनी सगळ्या मोठ्या रस्त्यांचा तसा समज करून घेतलाय. आणि टॅक्सचं म्हणाल तर मोटार वाहन कर राज्याच्या तिजोरीत जातो. शहरातल्या रस्त्यांचे खड्डे मुख्यतः महापालिका बुजवते, आणि घरपट्टी मीही भरतो.

पालिकेच्या रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलं, "कसं लागलं?" वेदनेत आपण पटकन "पडलो" म्हणून मोकळे होतो. मी पूर्ण सांगितलं: गाडीने कट मारला, नंबर अमुक. त्यामुळे केसपेपरवर एमएलसीचा, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसचा शिक्का पडला. एक्स-रेमध्ये मनगटाचं हाड मोडलेलं दिसलं. प्लास्टर झालं आणि दुपारी मी मुलीला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. ती दहावीत आहे. माझा लिहिता हात गळ्यात बांधलेला, म्हणून तिला नेलं.

ड्युटीवरच्या साहेबांनी खुर्ची दिली, चहा विचारला आणि म्हणाले, "एनसी करून देतो. गाडीवाला दवाखान्याचा खर्च द्यायला तयार आहे, मिटवून टाका." ऐकायला बरं वाटतं. पण एनसी म्हणजे अदखलपात्र, पोलीस आपणहून तपास करणार नाहीत. निष्काळजीपणे गाडी चालवणं, भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, हा दखलपात्र गुन्हा आहे. शिवाय हाड मोडलं की कायद्याच्या व्याख्येत ती गंभीर दुखापत होते, म्हणजे कलम १२५ चा (ब) भाग. हे मी रुग्णालयाच्या बाकावर बसून ओळखीच्या वकिलांकडून फोनवर समजून घेतलं होतं. एक्स-रे टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "साहेब, मी लेखी देतो. नोंदवायचं नसेल तर तसं लिहून द्या, मी डीसीपी साहेबांना पोस्टाने पाठवतो." आवाज चढवला नाही. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग टायपिंगला बसणाऱ्या हवालदारांना हाक मारली.

खरी लढाई पुढे झाली. जबाब टाइप होऊन हातात आला. पहिलंच वाक्य: 'मी सायकल घेऊन रस्त्याच्या मधून जात असताना.' मुलीने ते मोठ्याने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी सही करायला नकार दिला. हवालदार म्हणाले, "काका, गाडीवाला तेच म्हणतोय, आणि तुम्हीच म्हणालात ना, कडेपासून तीन फुटांवर होतो?"

होतो. रोज तिथेच असतो. कडेला गटाराच्या जाळ्या आहेत, त्यांच्या फटींत टायर अडकतो. पुढे ओळीने गाड्या उभ्या असतात, त्यातलं कुठलं दार कधी उघडेल सांगता येत नाही. नियम म्हणतो, परिस्थिती बघून जमेल तितकं डावीकडून चाला. गटारात चाला असं कुठे म्हणत नाही. पण गाडीच्या काचेतून बघणाऱ्याला कडेला घासून न जाणारी सायकल 'मध्ये आलेली' दिसते. आणि डावीकडे वळणाऱ्या गाडीने आधीच डाव्या कडेला यावं, हाही नियमच आहे. उजवीकडून ओलांडून आडवं वळणारा तो मोडतो.

एका कागदावर मुलीने रस्ता काढला: फुटपाथ, जाळी, माझी सायकल, गाडी, पंपाचं तोंड. हवालदारांनी तो नीट बघितला. "म्हणजे तुमच्या उजवीकडून येऊन डावीकडे गेला," ते म्हणाले आणि वाक्य बदललं: 'मी रस्त्याच्या डाव्या बाजूने सरळ जात असताना.' मी डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेऊनच निघालो. या एका वाक्यासाठी तासभर गेला, पण माझ्या मते सगळी केस त्यावर उभी आहे. नुकसानभरपाईच्या वेळी आपलीही चूक ठरली तर रक्कम तेवढ्या प्रमाणात कापली जाते. याच कारणासाठी मी आता दूधवाल्याकडे जातानाही उलट्या दिशेने सायकल घालत नाही, चार पावलांचं अंतर असलं तरी.

दुसऱ्या दिवशी पंपावर गेलो. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते राखून ठेवा असं पत्र दिलं आणि त्याची पोच तपास अधिकाऱ्यांना दिली. पाववालाही भेटला. साक्षीचं नाव काढताच म्हणाला, "आमचं कोण ऐकणार? आणि सकाळचा धंदा बुडेल." अपघातात मदत करणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही, २०१९ च्या दुरुस्तीपासून तसं कायद्यातच आहे. मी ते त्याला सांगितलं आणि आग्रह धरला नाही. आठवड्याने तो स्वतःहून ठाण्यात गेला, पाव टाकून झाल्यावर. त्याला दोनदा दाराचा फटका बसलाय, हे मला तेव्हा कळलं.

अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. माझा पाठवला का, हे विचारायला दोन खेपा घालाव्या लागल्या. दाव्याचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करायचा असतो, मी फेब्रुवारीत केला. विमा कंपनीच्या वकिलांनी उत्तरात पहिला मुद्दा मांडलाय तो हाच, की सायकलस्वार रस्त्याच्या मध्यभागी होता. आमच्या वकिलांनी जबाब, मुलीचं चित्र आणि पंपाचं चित्रण लावलंय.

सायकल डिसेंबरमध्ये ठाण्याच्या आवारातून परत मिळाली. पुढची रिम बदलली, हँडल सरळ करून घेतलं. हाताचं प्लास्टर त्याआधीच निघालं होतं, पण मूठ अजून पूर्ण आवळत नाही, म्हणून पुढचा ब्रेक डाव्या हाताला फिरवून घेतलाय. तीन फूट अंतर तेवढंच ठेवलंय.