घरगुती एस्प्रेसो मशीन निवडताना: नाशिकमधील माझा अनुभव

मशीन, ग्राइंडर, वजनकाटा आणि बाकीचे किरकोळ साहित्य मिळून २५,००० रुपयांच्या वर जायचे नाही, असे मी सुरुवातीलाच ठरवले होते. या मर्यादेचा मला फार उपयोग झाला, कारण तिच्यामुळे प्रत्येक सुविधेबाबत ‘हिच्यामुळे कपातल्या कॉफीत काय फरक पडतो?’ हा प्रश्न विचारणे भाग पडले.

महात्मा गांधी रोडवरील एका दुकानात चौकशीला गेले, तेव्हा विक्रेत्याने दोन मशीन पुढे ठेवून सांगितले, “ताई, हे पंधरा बारचं आणि हे वीस बारचं. वीसचंच घ्या, कॉफी कडक येते.” एस्प्रेसो म्हणजे बारीक पुडीतून गरम पाणी दाबाने ढकलून काढलेली कॉफी, आणि तिच्यासाठी कॉफीच्या थरावर साधारण ९ बार दाब पुरेसा असतो. खोक्यावर छापलेला १५ किंवा २० हा आकडा आतल्या पंपाची कमाल क्षमता सांगतो. कॉफीवर प्रत्यक्षात किती दाब येईल, हे पूड किती बारीक आहे, किती भरली आहे आणि मशीनमध्ये जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह आहे की नाही, यावर ठरते. त्यामुळे पंधरा आणि वीस यांतला फरक मी विचारातून काढून टाकला.

त्याच फळीवर बऱ्याच कमी किमतीचे, पंप नसलेले, केवळ वाफेच्या जोरावर चालणारे मशीनही होते. त्याविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण नवशिक्या माणसाचा हात किमतीमुळे प्रथम तिकडेच जातो. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये ज्या मशीनचे पेटंट घेतले, तेही वाफेच्या दाबावरच चालत असे आणि तो दाब दीड-दोन बारच्या आसपासच राही. आज ज्याला आपण क्रेमा म्हणतो तो दाट, सोनेरी-तपकिरी थर दुसऱ्या महायुद्धानंतर अकिले गाज्जा यांच्या दांडीच्या मशीनमुळे रूढ झाला, कारण त्या मशीनमध्ये दाब वाफेऐवजी दांडी, स्प्रिंग आणि दट्ट्या यांनी दिला जाई. वाफेच्या मशीनमधून मोका पॉटसारखी (म्हणजे शेगडीवर ठेवायच्या, वाफेच्या दाबावर चालणाऱ्या कॉफीच्या किटलीसारखी) गडद कॉफी मिळते आणि दुधात घालून ती छानच लागते. परंतु मला एस्प्रेसो हवी होती, म्हणून पंपाचे मशीन हे नक्की झाले.

पुढचा धडा कॉलेज रोडवरील एका कॅफेत मिळाला. दुपारी गर्दी नसताना तिथल्या बरिस्ता, म्हणजे कॉफी बनवणाऱ्या, मुलाला मी माझी अडचण सांगितली. त्याने दोन चाळण्या, म्हणजे बास्केट, काउंटरवर ठेवल्या. एकीच्या तळाला असंख्य छिद्रे होती. दुसरीला दुहेरी तळ होता आणि बाहेरच्या बाजूला सुईच्या टोकाएवढे एकच छिद्र होते. या दुसऱ्या प्रकारात दाब त्या छिद्रामुळे तयार होतो. त्यामुळे पूड जाडीभरडी असली तरी वर फेस येतो, पण चवीतले दोष त्या फेसाखाली झाकले जातात. स्वस्त मशीनबरोबर बहुधा हीच बास्केट येते. “मॅडम, मशीन साधं असलं तरी चालेल, ग्राइंडर साधा नको,” हे त्याचे वाक्य मी वहीत लिहून घेतले आणि त्यानंतर खर्चाची वाटणीच बदलली.

सुमारे १४,००० रुपये मशीनला आणि ७,००० रुपये हाताने फिरवायच्या ग्राइंडरला, अशी ती वाटणी झाली. मिक्सरच्या पात्यांनी बिया फुटतात, पण कण एकसारखे होत नाहीत, आणि एस्प्रेसोत पाणी बारीक कणांपाशी अडते व जाड कणांमधून वाट काढते. मग एकाच कपात आंबटपणाही येतो आणि कडवटपणाही. पूड बारीक रव्यापेक्षा बारीक, पण मैद्याइतकी पिठूळ नाही, अशी लागते. ग्राइंडर घेताना एका खटक्याला पाती किती सरकतात हे पाहावे. वीस-पंचवीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) टप्पा मला पुरेसा वाटला. विजेचा ग्राइंडर सोयीचा खरा, पण त्याच किमतीत हाताच्या ग्राइंडरमध्ये कितीतरी चांगली पाती मिळतात.

मशीन मी थर्मोब्लॉकचे, म्हणजे अरुंद नळ्यांतून जातानाच पाणी तापवणारे, आणि ५१ मिलिमीटर पोर्टाफिल्टर (बास्केट बसवायचा मुठीचा भाग) असलेले घेतले. व्यावसायिक मशीनचे ५८ मिलिमीटर हे माप सर्वांत प्रचलित असल्याने त्यासाठी सुटे साहित्य भरपूर मिळते, हा मुद्दा खरा आहे. परंतु ते मशीन माझ्या रकमेत बसत नव्हते आणि ५१ मिलिमीटरची एकेरी तळाची बास्केटही वेगळी विकत मिळते. खरेदीपूर्वी ओट्यावरचा सॉकेटही तपासला. १,३५० वॉटचे मशीन २३० व्होल्टला जवळजवळ सहा अँपिअर वीज ओढते, म्हणून लहान सॉकेट टाळून मी ते मोठ्या, सोळा अँपिअरच्या सॉकेटवर लावले. एक दशांश ग्रॅम दाखवणारा काटा सराफ बाजाराजवळ सहज मिळाला. दुरुस्तीची सोय नाशिकमध्ये आहे का, हे विक्रेत्याकडून बिलावर लिहून घेतले.

पाण्याने मात्र अपेक्षेपेक्षा जास्त विचार करायला लावला. आमच्या इमारतीत महापालिकेचे पाणी येते, पण उन्हाळ्यात त्यात बोअरचे पाणी मिसळले जाते आणि मीटर लावला की विरघळलेल्या क्षारांचा आकडा लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या पुढे जातो. अशा पाण्याने थर्मोब्लॉकच्या अरुंद नळ्यांत क्षार साठतात. उलट, शुद्धीकरण यंत्रातले पाणी इतके रिते असते की कॉफी सपक लागते. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या जुन्या मानकात लिटरला १५० मिलिग्रॅम हे लक्ष्य दिलेले आहे, म्हणून मी दोन्ही पाणी मिसळून मीटरवर तो आकडा आणते आणि तेच टाकीत भरते.

बिया चिकमगळूरच्या, मध्यम भाजलेल्या आणि पाकिटावर भाजल्याची तारीख असलेल्याच घेते. पंधरा ग्रॅम पुडीतून तीस ग्रॅम कॉफी पंचवीस ते तीस सेकंदांत उतरावी, हे माझे माप. धार लवकर आली आणि चव आंबट लागली, तर ग्राइंडर एक खटका बारीक करते. थेंब थेंब पडून कडवट झाली, तर एक खटका जाड. बाकी काहीही एकाच वेळी बदलत नाही, कारण मग फरक कशामुळे पडला हे कळत नाही. नवे पाकीट उघडले की हे जुळवणे पुन्हा करावे लागते आणि पहिले एक-दोन कप त्यातच जातात.

दूध वाफवताना भांड्याला तळहात टेकवता येईनासा झाला की वाफ बंद करते. तेव्हा दूध साधारण ६० अंशांवर असते. नळी लगेच ओल्या फडक्याने पुसून क्षणभर वाफ सोडली नाही, तर दूध तिच्या तोंडाशी वाळून बसते.