बंद केलेला पीसी आपोआप सुरू होतो, तेव्हा आदेश कोण देतं ते शोधा

रात्री शटडाउन केलेला पीसी सकाळी चालू सापडला की नागपुरात बहुतेक जण थेट बर्डीचा बाजार गाठतात आणि नवीन एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, घेऊन येतात. कधीकधी दोष तिथेच असतो. पण बऱ्याचदा बायोसमधली (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमधली) एक ओळ किंवा कॅबिनेटचं एक बटण दोषी असतं, आणि दोन्हींची दुरुस्ती फुकटात होते.

आधी एक गोष्ट समजून घ्या. भिंतीवरच्या बोर्डाचा स्विच चालू आहे तोवर शटडाउन झालेला पीसी पूर्ण बंद नसतो. एसएमपीएसची जांभळी वायर मदरबोर्डाला सतत 5 व्होल्ट देत असते, त्याला स्टँडबाय म्हणतात. पीसी सुरू व्हायचा तर हिरवी वायर ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, खेचली जावी लागते, आणि हे काम मदरबोर्ड करतो. त्याला तसं करायला बटण, लाइन परत येणं, नेटवर्क, कीबोर्ड, घड्याळाचा अलार्म किंवा खराब झालेला एखादा भाग सांगतो. म्हणून प्रश्न एकच: आदेश कुठून आला?

पीसी कधी सुरू होतो ते दोन-तीन दिवस लिहून ठेवा. लाइन गेली आणि ती परत येताक्षणी पीसी सुरू झाला, तर पुढचं काही तपासायची गरज नाही. मे-जूनच्या वादळात लाइन दिवसातून चारदा जाते-येते, तेव्हा हे हमखास दिसतं. बायोसमध्ये असूसच्या मदरबोर्डावर 'रिस्टोर एसी पॉवर लॉस', गिगाबाइटवर 'एसी बॅक', डेलवर 'एसी रिकव्हरी' शोधा आणि ते 'पॉवर ऑफ' करा. 'लास्ट स्टेट' ठेवू नका, कारण काम सुरू असताना लाइन गेली तर पीसी परत सुरू होईलच. आणि लागोपाठ दोन-तीन झटके येतात तेव्हा हार्ड डिस्कचं नुकसान नेमकं त्याच वेळी होतं.

सेटिंग बदलूनही काही दिवसांनी जुनंच परत येत असेल आणि तारीखही चुकत असेल, तर मदरबोर्डावरचा, घड्याळ आणि सेटिंग जपणारा सीआर 2032 सेल संपलाय. नवा सेल 3 व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. 2.8 च्या खाली गेलेला बदलून टाका.

पीसी रोज ठरावीक वेळी, विशेषतः रात्री 2 च्या सुमारास जागा होत असेल, तर तो बहुधा शटडाउन नव्हे, स्लीपमध्ये होता. विंडोजची स्वयंचलित देखभाल मुळात 2 वाजताच लावलेली असते. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडा. 'पॉवरसीएफजी' लिहून जागा सोडा आणि 'स्लॅश लास्टवेक' द्या, म्हणजे शेवटी कोणी उठवलं ते कळतं. 'स्लॅश वेकटायमर्स' पुढचे अलार्म दाखवतं. पॉवर प्लॅनमध्ये वेक टायमर बंद करा. माउसच्या हलक्या धक्क्याने उठत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, पीसीला जागं करू देणारी खूण काढा. नेटवर्क कार्डाचंही तसंच. पूर्ण शटडाउनमधूनही उठत असेल तर बायोसमध्ये आरटीसी (घड्याळाचा) अलार्म आणि वेक ऑन लॅन (नेटवर्कवरून उठवणं) बंद करा, स्टँडबायची वीज तोडणारं ईआरपी चालू करा. मग बंद पीसीच्या यूएसबीवर मोबाइल चार्ज होणार नाही.

सेटिंग सगळी बरोबर असूनही वेळकाळ न बघता सुरू होतो? आता कॅबिनेट उघडा. माझा पहिला संशय नेहमी समोरच्या बटणावर असतो. पीसी सुरू होऊन चार-पाच सेकंदांत बंद पडत असेल तर बटण आत अडकलंय हे जवळजवळ नक्की, कारण बटण चार सेकंद दाबून धरलं की पीसी सक्तीने बंद होतो. बहुतेक बोर्डांवर फ्रंट पॅनलच्या 6 आणि 8 नंबरच्या पिनांवर पॉवर स्विचच्या वायरींची जोडी बसते. ती काढून ठेवा आणि पीसी स्क्रूड्रायव्हरने दोन्ही पिना क्षणभर टेकवून सुरू करा. एक-दोन दिवस त्रास झाला नाही तर चोर सापडला. रिसेट स्विचची जोडी त्या पिनांवर लावा आणि रिसेटचं बटणच पॉवरसाठी वापरा. खर्च शून्य.

नागपुरात बटण खराब व्हायला कूलरचाही हातभार लागतो. कूलरची दमट हवा सरळ कॅबिनेटवर येते, पाण्यातले क्षार आणि धूळ मिळून बटणात आणि बोर्डावर थर बसतो, आणि तो थर ओलसर झाला की थोडा करंट वाहू देतो. बटणाची जोडी मल्टिमीटरला लावा. न दाबता काही किलोओम दिसले तर ते बटण गळतंय, चांगलं बटण उघडं सर्किट दाखवतं. मदरबोर्ड 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा, पूर्ण वाळू द्या. आणि पीसी कूलरच्या झोतातून बाजूला सरकवा. कूलरची मोटर सुरू करताच पीसी जागा होत असेल तर दोघांना एकाच एक्स्टेंशन बोर्डावर ठेवू नका. अर्थिंगही मोजा: न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत हवेत. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर 115 व्होल्टच्या आसपास दिसतात, हात लावला की झिणझिण्या येतात.

इतकं करूनही सुरू होत असेल तरच एसएमपीएसकडे वळा. मेन स्विच बंद करून 24 पिनचा कनेक्टर मदरबोर्डावरून काढा आणि परत लाइन द्या. आता हिरव्या वायरला कोणी खेचत नाही, म्हणजे पंखा फिरता कामा नये. काही एसएमपीएसचा पंखा कमी भारावर फिरतच नाही, म्हणून पिवळ्या वायरवरही मोजा, तिथे शून्य हवं. 12 व्होल्ट आले तर दोष एसएमपीएसमध्येच. सगळ्या वायरी काळ्या असतील तर हिरवी म्हणजे क्लिपच्या बाजूची ओळ घ्यायची आणि त्यातली दोन्ही शेजारी ग्राउंड असलेली 16 नंबरची पिन. जांभळी समोरच्या ओळीत 9 नंबरची. तिच्यावर 4.75 ते 5.25 व्होल्ट हवेत. उन्हाळ्यात कपॅसिटर सुकतात आणि आकडा घसरतो. मीटर फक्त सरासरी दाखवतं, म्हणून आकडा ठीक दिसूनही शंका असेल तर दुसरा चांगला एसएमपीएस लावून बघा. स्वतः एसएमपीएस उघडू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे 325 व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतात.

दुसऱ्या एसएमपीएसवर, फ्रंट पॅनल आणि यूएसबी सगळं काढलेलं असताना हिरवीचा व्होल्टेज 5 वरून शून्याकडे गेला, तर आदेश मदरबोर्डच देतोय. तो दुरुस्त होईपर्यंत भिंतीवरचं बटण बंद करून काम चालवता येतं, पण मग स्टँडबाय बंद असल्याने घड्याळ सेलवरच चालतं आणि सेल लवकर संपतो.