दुसरी खोली कुठंय?

घर बघायला येणारा प्रत्येक जण दहा मिनिटांच्या आत हे विचारतो. काही जण थेट विचारतात. काही न्हाणीघर शोधण्याच्या निमित्तानं मागपर्यंत फेरी मारून येतात आणि मग विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगून टाकते, म्हणजे पुढच्या पाहुण्यांबरोबर चहा गरम असताना पिता येईल.

दुसरी खोली नाही. खरं तर पहिलीही नाही. आम्ही दोघं गोव्यात, सासष्टीतल्या एका गावात, पोदेराच्या म्हणजे पाववाल्याच्या जुन्या भट्टीत राहतो. चिऱ्याच्या चार भिंती, वर मंगळुरी कौलं आणि एका अंगाला घुमटासारखी फुगलेली भट्टी. आठेक फूट रुंद, पण तोंड एवढंसं की आत बघायचं तर कमरेत वाकावं लागतं. झोपणं, स्वयंपाक, माझं भाषांतराचं काम, सगळं त्या एकाच दालनात. आतलं दार एकच, ते न्हाणीघराचं, तेही आम्ही नव्यानं बांधलेलं.

याआधी फोंड्याला फ्लॅट होता, दोन बेडरूमचा. बिल्डरच्या माहितीपत्रकात छोट्या खोलीच्या भिंतीवर ढग काढलेले होते आणि फरशीवर लाकडी घोडा. घर घेतलं तेव्हा मी एकोणतीस वर्षांची. सासूबाईंनी वास्तुशांतीच्या दिवशीच त्या खोलीला ‘बाळाची खोली’ म्हणून टाकलं, आणि मग सगळेच तसं म्हणायला लागले. पुढं सहा वर्षं डॉक्टर, सुया, मुंबईच्या खेपा. त्यावर सांगण्यासारखं काही नाही. थांबलो.

थांबल्यावर त्या खोलीचं नाव कुणी घेईना. ती नुसती ‘ती खोली’ झाली. इस्त्रीचं टेबल तिथं गेलं, बॅगा गेल्या, उकड्या तांदळाचं पोतं गेलं. पाहुणे त्या दाराशी थोडे थबकायचे आणि मग उगाच पंख्याची वगैरे चौकशी करायचे. एका संध्याकाळी धुतलेले टॉवेल ठेवायला गेले तर नवरा आत दिवा न लावता उभा. “इस्त्री शोधतोय,” म्हणाला. इस्त्री त्याच्या हातापाशीच होती.

त्या रात्री ठरलं की फ्लॅट विकायचा. आपल्याकडे घराचा नकाशाच मुलं धरून काढतात. मग मुलं नसली की तुम्ही एका खोलीचे हप्ते भरता आणि ती खोली रोज तुम्हाला तेवढंच सांगत बसते. मूळ घरी जाऊन राहा, असंही सुचवून झालं. राजांगणाचं, मधल्या चौकाचं मोठं घर आहे, चवथीला गणपतीवर फळांची माटोळी बांधायला आम्ही जातोच, पण तिथं तर खोल्याच खोल्या. (मासिकांत ज्यांना ‘पोर्तुगीज घरं’ म्हणतात, तीही आम्ही पाहिली. बांधली इथल्याच गवंड्यांनी आणि नाव मात्र पोर्तुगीज, हे मला कधी झेपलं नाही. शिवाय किमती!)

भट्टी सापडली ती पाव आणायला गेल्यामुळे. म्हणजे पाव मिळाला नाही म्हणून. दुकानाला कुलूप होतं. शेजारच्या म्हाताऱ्यानं सांगितलं, पोदेर वारला, मुलगा स्विंडनला. इकडं ही गोष्ट नवी नाही. १९६१ च्या डिसेंबरापूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. त्या पासपोर्टावर गावंच्या गावं इंग्लंडला गेली. ब्रेक्झिटच्या आधी तर रांगच लागली होती. उरलेल्या भट्ट्या बहुतेक बाहेरून आलेल्या लोकांनी भाड्यानं चालवायला घेतल्या. ही कुणी घेतली नव्हती.

विकत घ्यायला चौदा महिने लागले. गोव्यात लग्नानंतर मिळकत सहसा नवराबायकोची निम्मी-निम्मी मानतात, त्यामुळे विकणारी भावंडं चार असली तरी सह्या आठ. त्यातल्या दोन इंग्लंडातून, एक कुवेतहून. आधी वारसांची इन्व्हेंटरी, म्हणजे वारस आणि त्यांचे वाटे ठरवणं, मग मुखत्यारपत्रं. आमच्या बाजूनंही दोघांच्या सह्या. वकीलबाई हे समजावत असताना मध्येच हसून म्हणाल्या, “तुम्हाला गंमत सांगू?” गंमत अशी, की पोर्तुगीजांच्या १८८० च्या हुकुमात इथल्या हिंदू नवऱ्याला एक सवलत होती: बायकोला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल झालं नाही तर त्याला दुसरी करता येई. तीस वर्षांपर्यंत मुलगा झाला नाही, तरीही. समान नागरी कायद्यासाठी ज्या गोव्याचा दाखला देतात, त्याच गोव्यातली ही गोष्ट. मी तेव्हा बेचाळीस. नवरा म्हणाला, “मुदत टळली की रे माझी.” मी दोन दिवस बोलले नाही. मग मलाही हसू आलं.

कंत्राटदाराला आधी भट्टीच पाडायची होती, “जागा फुकट जाते, बाय” म्हणून. नको म्हटलं. पण तिच्या आतली खचलेली जमीन खणली तेव्हा बुडातून काय निघावं? फुटक्या बाटल्यांच्या काचा आणि खडेमीठ, थरावर थर. ऊब धरून राहावी म्हणून पूर्वीचे लोक तसं घालत. सगळं जसंच्या तसं परत भरलं. पीठ मळायची लाकडी डोण भिंतीला लावून त्यात गोधड्या ठेवल्या. काजळी धरलेली एक भिंत रंगवली नाही, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याची शिक्षा झाली. कौलांतून गळणारं पाणी काजळी घेऊन खाली यायचं. पांढऱ्या चादरीवर सकाळी काळे ठिपके, जणू कुणी रात्रभर दौत झटकलीय. तेव्हापासून आमच्या चादरी गडद रंगाच्या.

राहायला गेल्यावर कित्येक महिने पहाटे साडेपाचला फळ्यांच्या दारावर टकटक व्हायची. “पाव आसात?” नाहीत म्हटलं की माणूस माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच लपवून ठेवलेत. आता दारावरून सायकलवाला पोदेर भोंगा वाजवत जातो आणि आम्हीही त्याच्याकडूनच चार उंडे घेतो. भट्टीच्या घरात बाहेरचा पाव येतो, याचं शेजारणीला अजून हसू येतं.

तोटे आहेत. भांडण झालं तर जायला जागा नाही. नवरा पुढच्या विक्रीच्या ओट्यावर जाऊन बसतो आणि फळ्या उघड्या दिसल्या की कुणीतरी साबण मागायला येतंच. दोनदा तर त्यानं घरातला विकलासुद्धा. मला रात्री काम असलं की त्याच्या डोळ्यांवर दिवा. आजारपणात एकानं खोकायचं आणि दुसऱ्यानं जागायचं.

भट्टी वर्षातून एकदाच पेटते, नाताळच्या आधी. पहिल्या वर्षी शेजारीण भीत भीत विचारायला आली. घरचा ओव्हन लहान पडतो, पूर्वी सगळ्या वाड्याच्या बोलिन्यां आणि बात्क, म्हणजे नाताळची नारळाची बिस्किटं आणि रव्याचा केक, इथंच भाजून जायचे. आम्हाला पेटवता कुठं येतंय? तिच्याच दिरानं आदल्या रात्री लाकडं रचली. सकाळी निखारे ओढून काढून, ओल्या गोणपाटानं पुसून, त्यानं चिमूटभर पीठ आत टाकलं आणि ते कसं करपतं त्यावरून ताप ओळखला. दुपारपर्यंत ओट्यावर बावीस ट्रे होते. कोणता कुणाचा ते कळावं म्हणून काठाला रंगीत दोरे बांधलेले.

आता राहिला दुसरा प्रश्न, जो लोक जाता जाता दारात विचारतात: तुमच्यामागं हे कुणाला? इथं मुलं आणि आईवडील यांचा वाटा मृत्युपत्रानं डावलता येत नाही. मुलं नाहीत. सासूबाई आहेत, त्र्याऐंशीच्या. गेल्या डिसेंबरात त्या चार दिवस राहायला आल्या. खाट नको म्हणाल्या आणि भट्टीच्या कोमट भिंतीला पाठ लावून खाली अंथरूण घातलं. गुडघ्यांना बरं वाटतं म्हणे. खोलीचं विचारलं नाही. सोमवारी परत जायचं होतं, त्या गुरुवारी घरी गेल्या.

मृत्युपत्राचा मसुदा वकीलबाईंकडे आहे. नावाच्या जागी अजून पेन्सिलीनं लिहिलंय.